फक्कीची रेघ

बुराईकाठच्या त्या शाळेत
प्रोजेक्टर चालला नाही. बरंच झालं.
लाईट गेली तेव्हा मी म्हणत होते, साडेसहा कोटी वर्षं,
आणि मागून कुणीतरी म्हणालं, तीही गेली.

हसणं ओसरल्यावर पिशवी ओतली सतरंजीवर.
माझी अकरा वर्षं:
चार-पाच किलो दगड, एक सूक्ष्मदर्शक,
नळीत गुंडाळलेला नकाशा.

सूक्ष्मदर्शक उन्हात नेला.
काळ्या दगडाची केसाहून बारीक चकती,
आत पोपटी, निळं, मध्येच झेंडूचं केशरी.
सुपडाबाईंनी एक डोळा मिटला,
बराच वेळ बोलल्या नाहीत.
मग, "इतला रंग!
आणि याच्यावर मी जन्मभर मिरची वाटली."

पुस्तकात तिला डाइक म्हणतात,
आमच्या विभागातल्या पाटीवर भित्ती,
गावात नुसती आडवी.
शेतांखालून पूर्व-पश्चिम गेलेली,
टेकाडाशी तेवढी पाठ काढलेली.
भुतांनी एका रात्रीत रचली, कोंबडा आरवला, अर्धी राहिली,
हे तिसरीतल्या एका पोरानं मला समजावलं.
मी खोडून काढलं नाही.
माझीही गोष्ट तशीच आहे:
जमीन उलली, खालून तापलेला रस चढला, थिजला.
फक्त माझ्या गोष्टीत कोंबडा नाही.

नकाशा उलगडला आणि ओसरी गप्प झाली.
दक्षिणेला निळं. उत्तरेला कोरं.
पाणी तापीकडे निघतं, आडवीशी येऊन अडतं,
मी बोटानं दाखवत होते,
माणसं माझ्या बोटाखाली आपापला गट नंबर शोधत होती.
"मन्ही इहीर कोन्या बाजूले से?"
एकानं विचारलं. मग कुणीच विचारलं नाही.
उपसरपंच भदाणे कानाशी आले:
मॅडम, हा शाळेत टांगू नका.
उत्तरेकडे दोन सौदे चाललेत, एक सोयरीक.

शोधनिबंधात या वाक्यासाठी जागा नव्हती.

तेव्हा झुलाल आप्पा उठले.
पन्नास वर्षं विहिरी खणलेले,
एक कान सुरुंगानं नेलेला.
उंबराजवळ अंगठा टेकवून म्हणाले,
"ताई, तुन्ही रेघ आठे तुटस."
तिथं त्यांना पाषाण लागलाच नव्हता.
चार परस मुरूम, मग मांजऱ्या, मग पाणी,
तेही उत्तरेच्या अंगाला.

त्या जागी मी मोजलंच नव्हतं.
कुत्रं मागे लागलं होतं त्या दिवशी,
संध्याकाळ झाली होती,
दोन बिंदू जोडून मी मोकळी झाले होते.
हे मार्गदर्शकांना सांगितलं नव्हतं, परीक्षकांना नाही.
त्या सतरंजीवर सांगितलं.
खोडरबर मागितला. कोंबड्याच्या गोष्टीवाल्या पोरानंच दिला,
आंब्याच्या आकाराचा, वासाचा.
छापील शाई. रेघ गेली नाही,
कागद तेवढा सोलवटला.

मग पीटीच्या सरांनी खो-खोची फक्की काढली.
पुढे आप्पा काठी आपटत, मागे मी होकायंत्र घेऊन,
दोघांचं जमेल तिथं रेघ.
काही ठिकाणी जमलं नाही, भांडलो, चहा झाला.
मारुतीच्या मागून, दोन गोठ्यांमधून,
सुपडाबाईंच्या अंगणातून थेट चुलीखाली.
उंबराजवळ सतरा पावलं काहीच टाकलं नाही.
पोरं एक पाय इकडे, एक तिकडे ठेवून उभी,
जमिनीतून काही कळतंय का बघत.

नकाशा मी टांगला नाही. परतही नेला नाही.
हेडमास्तरांच्या कपाटात आहे, व्हॉलीबॉलच्या जाळीखाली.
टांगायचा की नाही, ग्रामसभेत ठरायचंय.
अजून ठरायचंय.

सकाळी दोंडाईच्याच्या गाडीसाठी निघाले
तेव्हा सुपडाबाई सडा टाकत होत्या.
सगळं अंगण शेणानं ओलं, हिरवट.
रेघ तेवढी सोडलेली.