हरकत

महापालिकेनं फलकावर कागद डकवलाय.
वाहनतळ शुल्क, प्रस्तावित बदल.
दुचाकीला पहिल्या तासाला पाचाचे दहा,
पुढं दर तासाला आणखी दहा.
चारचाकीचं मी वाचलं नाही,
चारचाकीवाले आपलं आपण वाचतील.
खाली बारीक अक्षरांत:
हरकती व सूचना तीस दिवसांत, लेखी.

मी दस्तगीर, बिंदू चौकात पावत्या फाडतो.
अकरा वर्षं तेच पुस्तक, तोच कार्बन.
डाव्या अंगठ्याला निळा डाग असा बसलाय
की नात झाली, मी उचलून घेतली,
तर दुपट्यावर पहिला ठसा माझाच.

देवीला आलेली माणसं उतरतात.
“पार्किंगला पैसे? आमच्याकडं नसतात,” म्हणतात,
आणि दोन तासांनी चपलांचे चार जोड काखेत मारून
पाच रुपये सुट्टे नाहीत म्हणून हसतात.
त्यांचे दहा घ्या, वीस घ्या,
माझी काय हरकत न्हाई.

भिंतीकडची रांग वेगळी.
जेलच्या भिंतीला चिकटून ज्या गाड्या लागतात
त्यांच्या हँडलला पिशवी असते.
पिशवीत बनियन, टॉवेल, बिस्किटाचे पुडे.
आत काय चालतं, काय चालत नाही,
हे ती माणसं पहिल्यांदा मलाच विचारतात.

तातोबा चौगुले दर बुधवारी मुरगूडहून येतात.
एम-एटी, सायलेन्सरला तार बांधलेली.
नंबर लागायला अडीच तास,
भेट वीस मिनिटं,
तीही जाळीआडून, दहा-बारा घरांची एकदमच.
“वरडाय लागतंय,” एकदा म्हणाले,
“घरात पोरावर कधी आवाज चढवला न्हाई,
आन आता जेवलास का, एवढं इचारायला वरडाय लागतंय.”

त्यांच्या पावतीवर वेळेचा रकाना मी कोरा सोडतो.
पेन चालत नाही असं करतो.
ते बाहेर आले, की चालतं.
“पाच द्या मामा.”
त्यांना कळतं.
कळून ते मनगटावरच्या घड्याळावर बाही ओढून घेतात.
एकदा उसाचं कांडं पुढं केलं.
घेतलं असतं तर लाच झाली असती.
नाही घेतलं, तर ते काय झालं
हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

प्रस्तावात सातवं कलम आहे.
पावतीपुस्तक बंद. हातात मशीन.
मशीन नंबरप्लेटचा फोटो काढणार,
वेळ आपली आपण टाकणार, सेकंदासकट.
ठेकेदार म्हणाला, दस्तगीर,
आता चोरीला जागाच राहत न्हाई.
मी म्हणालो, व्हय,
न्हाई राहत.

मग महापालिकेत गेलो. आवक खिडकी.
नष्टे बाईंनी कोरा कागद सरकवला.
व्यापारी संघाचा गठ्ठा होता, रिक्षावाल्यांचा होता,
एका निवृत्त मास्तरांनी चार पानं लिहिली होती,
समास सोडून.
विषय लिहिला. महोदय लिहिलं.
पुढं काय लिहू?
अकरा वर्षं मी वेळ खोटी घालतोय,
ती तशीच घालू द्यावी, ही नम्र विनंती?
एवढं लिहून सही केली
तर गाडी न लावताच मी भिंतीच्या आत.

शेवटी लिहिलं:
मशीनच्या कागदावरची अक्षरं उन्हात उडतात.
महिन्याभरात पावती कोरी होते.
तरी विचार व्हावा.

बाईंनी वाचलं. “एवढंच?”
“एवढंच.”
शिक्का मारला, पोच फाडली,
तारीख घातली, आणि वेळेसाठी मान वर केली.
भिंतीवरचं घड्याळ कधीचं बंद होतं.
बाईंनी खिडकीतल्या उन्हाकडं बघितलं
आणि अंदाजानं काहीतरी लिहिलं.

मी पोच खिशात घातली.
बुधवार होता, उशीर करून चालणार नव्हतं.