शून्य जुळवताना

मकरपुऱ्यात जशुभाई पंचालच्या लेथवर
नायलॉनचा एक दांडा कापून घेतला, पायऱ्यांचा,
दर पायरी पाच मिलिमीटरनं जाड.
"बेन, बांगडीचं माप के?"
"तसंच काहीसं," मी म्हटलं,
आणि तो चहा सांगायला वळला.

खोटं नव्हतं. बांगडीच ती,
रबराची, पोटात पाऱ्याची बारीक रेघ.
पुरुषानं झोपताना घालायची.
रात्रभरात ती किती ताणली ते कागद सांगतो.

रावपुऱ्यात डॉक्टर पाग्यांकडे "ते मशीन" अडलं की
मला फोन येतो. नाव कोणी घेत नाही,
आमच्या घरी कावळा शिवायचा, तसंच.

परवा रोल सोडवताना कोणाची तरी रात्र हाताला लागली:
बराच वेळ सपाट,
मग तीनला रेघ उठली, अठरा मिनिटं उभी राहिली,
पुन्हा साडेचारला.
बाहेर बाकावर तो, चाळिशी उलटलेला,
शेजारी बायको, मांडीवर डब्याची पिशवी.
"शरीर शाबूत आहे," डॉक्टर म्हणाले.
तो हसला.
ती पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली,
सोडवत राहिली.

बायकांचं यंत्र निराळं. करंगळीएवढी पारदर्शक कांडी,
आत दिवा, आणि दिव्याकडे बघणारा एक डोळा.
रक्त दाटलं की उजेड बदलून परततो.
मी ती चिमटीत धरून तपासते,
काटा माझ्या नाडीवर उड्या मारतो.
त्याला काय, रक्ताशी मतलब.

सोबत हातात धरायची एक कळ, शून्य ते दहा.
आत काय वाटतंय ते तिनं स्वतः सांगायचं.
काटा आणि कळ पुष्कळदा जुळत नाहीत.
"कळ बिघडली का हो, मृणालिनीबाई?"
मी उघडते. तार नीट. स्प्रिंग नीट.
बांगडीला जशुभाईचा दांडा आहे,
दिव्याला व्होल्टमीटर.
हिच्यासाठी पायऱ्या कुठल्या लेथवर कापून मिळतात?
रिपोर्टात लिहिते: ठीक.

निघताना कळ शून्यावर आणून ठेवायची, असा नियम.
खोलीत कोणी नव्हतं.
लग्नाला एकोणीस वर्षं झाली,
हे मला कुणी आकड्यात विचारलं नव्हतं,
शब्दांत तर नाहीच.
तिनापर्यंत नेली. मागे घेतली.
पुन्हा नेली, जरा पुढे,
मग अंगठा तिथेच ठेवून
प्लग काढलेल्या काट्याकडे बघत राहिले.