विल्यांडीतली जावा

"दोन हजार चारशे," उर्मास म्हणाला
आणि गप्प झाला.
आमच्या एस्टोनियात घासाघीस अशीच चालते,
जो आधी बोलेल त्याचे पन्नास युरो गेले.

मी बोललो नाही. गुडघ्यांवर बसलो.
भाची मारिका मागे उभी, हात खिशात,
डोळ्यांत गाडी आधीच घरी नेलेली.
तिला येतानाच बजावलं होतं,
आवडलं तरी चेहरा पाडून ठेव.
जमलं नाही तिला.

चौऱ्याऐंशीची जावा, साडेतीनशे.
टाकी भलत्याच गाडीची,
हिरवा रंग ब्रशने फासलेला,
झाकणापाशी ब्रशचा एक केस रंगात कायमचा झोपलेला.
खिशातला लोहचुंबक फिरवला.
डाव्या कुशीला चिकटेना. म्हणजे आत पुट्टी.
दोनशे वजा.
सीट चार बोटं खाली कापलेली,
हँडल बैलाच्या शिंगांसारखं मागे वळवलेलं.
"याला फार खर्च आला," उर्मास म्हणाला.
आला असेल.
हौसेला मोल नाही म्हणतात,
माझ्या धंद्यात त्याचा अर्थ शब्दशः घ्यायचा:
हौसेचे पैसे मिळत नाहीत.

किक मात्र दुसऱ्यालाच लागली.
दोन्ही नळ्यांतून सारखा निळसर धूर,
आवाजात कुठे खोट नाही.
कागद नावावर, शिक्के जागेवर.

मग तो दांडा दिसला.
टाकीच्या डाव्या अंगाला, मांडीच्या उंचीवर,
गियरचा दांडा, हाताने टाकायचा,
वर करवतीची लाकडी मूठ, तळव्याने काळी झालेली.
सांध्याचं वेल्डिंग मुंग्यांच्या रांगेसारखं,
एक मुंगीही रांग सोडून नाही.
खाली गियरचं पेडलच नव्हतं.

मी वर पाहिलं.
उर्मास दाराच्या चौकटीला टेकून उभा,
डावा बूट गुडघ्यापासून सरळ, मुळीच न वाकणारा.
"लाकडाची गिरणी," तो म्हणाला. "नव्वद साली."
एवढंच.

"मूळचे सुटे भाग आहेत?"
सफरचंदांचं खोकं त्याने काठीने पुढे ढकललं.
जुन्या वर्तमानपत्रात, ग्रीस लावून, ते पेडल.
रबर अर्धंच झिजलेलं.

खोक्याचे तीनशे अधिक, हा सरळ हिशोब.
मारिकाला दोन पाय आहेत, दांडा तिला अडचण,
त्याचे वजा.
आणि ते वेल्डिंग? ती मूठ?
तीस वर्षं लोकांच्या गाड्यांना भाव लावतोय,
वहीत तसा रकाना मी कधी आखलाच नाही.

"सतराशे पन्नास," मी म्हणालो.
आधी बोललो. चूक.
तो खिडकीबाहेर साचलेल्या बर्फाकडे पाहत राहिला,
इतका वेळ की मारिकाने माझी बाही ओढली.
"अठराशे पन्नास. दांडा मी काढून घेणार."

पाना त्याने स्वतः फिरवला,
खुर्चीवर बसून, पाय लांब सोडून.
मी बॅटरी धरली, तर म्हणाला, "दिसतंय."
शेवटचा नट सुटायला अंधार पडला.
दांडा त्याने कोटाच्या आत घातला,
थंडीत पाव घरी न्यावा तसा.

परतताना ट्रेलरवर गाडी, पुढे मारिका गात होती.
फ्रेमला दोन भोकं राहिली होती,
दांडा जिथे बसवला होता तिथे, आरपार.
फ्रेमला भोक म्हणजे शंभर तरी कमी,
हे मी शिकाऊ पोरांना पहिल्याच दिवशी सांगतो.

पाहिली होती मी.
बोललो नाही.