जमाखर्च : गुलबहार बँड

रामबागेतल्या शाळेचा हॉल. भाडं माफ,
पंख्यांचे मात्र साडेतीनशे लावले.
दाराशी टेबल, टेबलाशी मी.
बत्तीस वर्षं बँकेत कॅश सांभाळली
म्हणून न विचारताच खजिनदार.

मार्गशीर्षातली रात्र होती.
अन्नपूर्णा रोडवर वरात अडलेली,
नवरदेवाचे मामा नाचायचे थांबेनात,
आणि ब्रेक गेलेला एक टेम्पो
मागच्या रांगेत शिरला.
घोडी वाचली. नवरदेव वाचला.
मुहूर्त टळला नाही म्हणे.

साबिर मास्टर, ट्रंपेट : वरचा ओठ, पुढचे चार दात.
नत्थूलाल बोरासी, ढोल : उजवा खांदा.
दुर्गाप्रसाद, युफोनियम : कंबर.
इमरत, क्लॅरिनेट, वय एकोणीस : डाव्या हाताची दोन बोटं.
झांजवाला. त्याचं नाव कमिटीला
दोनदा विचारावं लागलं. भेरू.
पाच पाकिटं केली मी, तपकिरी, चांगल्या कागदाची.

सीझनमध्ये एकमेकांच्या सुपाऱ्या पळवणारे
चार बँड एकाच स्टेजवर उभे होते,
लाल कोट, निळा कोट, एकाच्या खांद्यावरची झालर उसवलेली.
चालत वाजवायची सवय,
तर वाजवताना पाय जागच्या जागी उचलत होते,
फळ्या धमधमत होत्या, रस्ता मात्र पुढे सरकत नव्हता.

समोर ख्यालाच्या बैठकांना जाणारी आपली माणसं,
शाली, थर्मास, ताम्हनकर सरांची स्वतःची उशी.
हे संगीत त्यांनी कधी बसून ऐकलेलंच नव्हतं.
दाद कुठे द्यायची कळेना.
एकाने 'वाह' म्हटलं, तेव्हा
ट्रंपेटवाला थुंकी झटकत होता.

माझ्या लग्नात हाच बँड होता.
एक धून आठवेल तर शपथ.
आठवतात त्या माझ्या नव्या चपला
आणि त्या कुणी पळवतंय की काय ही काळजी.

साबिर मास्टर पहिल्या रांगेत, तोंडाशी टॉवेल.
उजव्या हाताची तीन बोटं गुडघ्यावर
उठत होती, दबत होती.
स्टेजवर त्यांच्या जागी उभा पोरगा एका वळणावर चुकला.
बोटं थांबली.
तो सापडेपर्यंत थांबून राहिली,
मग दोघं बरोबरच पुढे गेले.

मध्यंतर झालं. कचोऱ्या संपल्या.
एक लाख सत्तेचाळीस हजार दोनशे.

तेव्हा ती आली, ऑटोतून, पायाला प्लास्टर.
"अंदर बैठने का कितना?"
नाव सुगनबाई. वरातीत डोक्यावर दिवा धरणारी.
म्हणाली, एकाच वायरीने आम्ही सगळ्या जनरेटरला बांधलेल्या,
एक पडली की तिघी पडतात.
मी यादी पाहिली, पुन्हा पाहिली,
बँकेतला आवाज काढून म्हटलं, "बाई, ही वादकांची यादी आहे."
"हौ," ती म्हणाली. भांडली नाही.
माझ्या टेबलाकडे बघत राहिली,
ट्यूबलाइट डोळ्यांवर येऊ नये म्हणून
मी जरा तिरकी बसले होते.

तिकीट फाडलं नाही. मागच्या खुर्चीत बसवलं,
प्लास्टरखाली दुसरी खुर्ची.
हॉलचे दिवे मालवले, फक्त स्टेज उजळ.
बँड समोरून तिने पहिल्यांदाच पाहिला असणार.
अंधारात मान ताठ होती,
जणू डोक्यावरचं काही हलायला नको.

तपकिरी पाकीट उरलं नव्हतं.
पंख्यांच्या बिलाची घडी घातली, कडा डिंकाने चिकटवल्या,
आत एकवीस हजार, वर तीन नावं,
त्यातली दोन तिलाच विचारून लिहिली.

गुरुवारी कमिटी आहे.
पाच जणांच्या वाट्याला ठरल्यापेक्षा कमी आलंय,
आणि भेरूला चार पोरं आहेत, हे मला माहीत आहे.
वहीत खर्चासमोर मी लिहिलंय : उजेड.
ते खोडायला लावतील.
पेनानेच लिहिलंय.