चूक क्रमांक, जुनी

वोरूच्या बाहेर बर्चची झाडी संपते,
तिथे माझं गॅरेज.
बाहेर उणे अठरा. आत उणे अकरा.

लाडा होती तेव्हा
लांब पेचकस इंजिनाला टेकवायचो,
मूठ कानामागच्या हाडावर.
कुरकुर तिसऱ्या सिलिंडरात की पाण्याच्या पंपात,
ते ती स्वतःच सांगायची.
तेराचा पाना आणि थोडी शिवीगाळ,
एवढ्यावर आमचं भागायचं.
एकदा ताल्लिनच्या रस्त्यावर पट्टा तुटला,
तर हेल्वीनं काही न बोलता
पायातले नायलॉनचे मोजे उतरवून हातात दिले.
त्या मोज्यांवर गावापर्यंत आलो.
दारात म्हणाली, नवे घेऊन दे.

ही गाडी माझ्याशी बोलत नाही.
बॅटरी बदलली मी, स्वतःच्या हातानं,
प्लस-मायनस नीट बघून,
तर म्हणे आधी ओळख करून द्यायला हवी,
नाहीतर तिला नवी बॅटरी जुनीच वाटत राहते.
सोयरीकच म्हणायची.
मध्यस्थ तार्तूत बसतो,
तासाचे नव्वद युरो घेतो.

नातीनं काडेपेटीएवढी डबी आणून दिली,
डॅशबोर्डखाली खोचायची.
डबीला एस्टोनियन येत नाही.
मार्ली फोनवर वाचून सांगते:
“आजोबा, संपर्क तुटलाय.
मागच्या दाराचा, पुढच्या कशाशी तरी.”
कशाशी?
“ते नाही सांगत.”

तीन रात्री शोधलं.
सीट काढल्या, गालिचा उचलला.
डाव्या उंबरठ्याच्या पोकळीत
उंदराचं घरटं निघालं:
सीटमधला कापूस, सूर्यफुलाची टरफलं
(पक्ष्यांसाठी मीच टांगलेली)
आणि दोन बारीक तारा,
पिवळी अन् हिरवी, कुरतडलेल्या.
चष्म्यावर चष्मा चढवून डाग दिला.
राळेचा धूर नाकात गेला, ओळखीचा.
दार उघडलं. बंद झालं. परत उघडून पाहिलं.

पण पिवळा दिवा तसाच.
“चूक आता नाहीये,” मार्ली म्हणाली,
“पण झाली होती, हे लक्षात ठेवलंय तिनं.
पुसायचं तर कंपनीचा परवाना लागतो.”

हेल्वी असती तर हसली असती.
चव्वेचाळीस वर्षांत
तिनंही माझं काही पुसलं नव्हतं.

दिव्यावर काळी चिकटपट्टी लावलीय.
रात्री कडेनं थोडा उजेड झिरपतो.
काल उगाचच
पेचकस डॅशबोर्डवर टेकवला,
मूठ कानाला.
आत कुठेतरी बारीक टिकटिक.
कदाचित उंदीरच.