वळणाची आतली बाजू

बेचाळीस वर्षं मी वाल नदीचा गाळ उपसला,
टीलच्या वळणापासून खाली, ड्रेजरच्या केबिनमधून.
गाळ कुठं बसणार
हे नदी आधी अंगानं सांगते:
वळणाच्या आतल्या कुशीत, जिथं पाणी रेंगाळतं,
दगडी बांधाच्या पाठीशी, जिथं ते उलटं फिरतं
आणि आपण कुठं निघालो होतो तेच विसरतं.

आज डॉक्टर रिन्स्के पडद्यावर
माझ्या हृदयाची धमनी दाखवतात.
लाल म्हणजे वेग, निळं म्हणजे संथ.
दोन फाटे फुटतात तिथं, बाहेरच्या भिंतीला,
निळा डाग.
"इथं," त्या म्हणतात.
मी म्हणतो, इथंच असणार.

सिगारेट ओढली, कबूल.
लोणी, चीज, बापाकडून आलेलं रक्त, सगळं कबूल.
पण ते रक्त तर सगळीकडून वाहिलं;
मग बाकीची भिंत गुळगुळीत कशी?

त्या सांगतात: रक्त भिंतीला घासत जातं
ते अस्तराच्या पेशींना कळतं.
नीट घासत गेलं तर त्या लांबट होतात,
प्रवाहाच्या रेषेत निजतात.
मला नांगरलेल्या मालबोटी दिसल्या,
ओळीनं, नाक पाण्याकडे करून.
आणि डबक्यात?
डबक्यात दिशाच उरत नाही.
पेशी गोल होतात, एकमेकींचा हात सोडतात,
फटीतून चरबी आत शिरते, आणि राहते.

मला वाटायचं, जोर भिंत झिजवतो.
निवांतपणाही मारतो, हे कुणी बोललं नव्हतं.
(नेल्ट्ये बोलली होती, मी निवृत्त होऊन
खुर्चीत रुतलो तेव्हा.
पण तिचा रोख वेगळा होता.)
जोर येतो तो शेवटी:
गाळावरची पातळ साय,
खिंडीतून धावणारं रक्त,
प्रत्येक ठोक्याला थोडी वाकणारी धमनी,
आणि सायीच्या कडेला, एखाद्या सकाळी, तडा.

गुरुवारी तारेची जाळी बसवणार आहेत.
नमुना मी बोटांत धरून फिरवला,
माशीच्या पंखाइतका हलका.
एकेक तार म्हणजे एकेक बांध.
विचारलं: हिच्या पाठीशी पाणी कुठं थांबेल?
रिन्स्केंनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.
"तेच मोजतेय," म्हणाल्या. "अकरा वर्षं."

परतताना बस पुलावर आली.
खाली नदी.
मी वळणाच्या आतल्या बाजूला पाहिलं,
सवयीनं.