मानेची मागची बाजू

मी कधी प्रदर्शनाला गेलो नव्हतो.
कुताइसीत बारा नंबरची मार्शरुत्का चालवणाऱ्याला
बघायला रस्ता पुरतो.
पण सुट्या पैशांच्या डब्यात
कुणीतरी चिठ्ठी टाकून गेलं होतं :
काका, शनिवारी शाळेच्या व्यायामशाळेत या.
तुम्ही आहात.

तुम्ही आहात, म्हणजे काय?
आहेच की मी.
एकोणीस वर्षं आहे. स्टेशन ते रिओनीचा पूल,
पूल ते स्टेशन.

शनिवारी दाढी केली.

व्यायामशाळेला अजून घामाचाच वास.
भिंतीवरच्या आडव्या दांड्यांना दोऱ्या बांधून
चिमट्यांनी लावलेले फोटो, कपडे वाळत घालावेत तसे.
झायराबाईंनी हिरव्या सरबताचा पेला हातात दिला,
म्हणाल्या, पोरांना बजावलं होतं,
तुमच्या वाट्याला आलं तेच आणा,
सूर्यास्त आणलात तर परत पाठवीन.

रेझोने आणलं होतं
ताटावर पालथं घातलेलं ताट.
एवढंच.
खाली लिहिलेलं : बाबा येणार होते.
मी पुढे गेलो, मग मागे आलो.
वरचं ताट उचलून बघावंसं वाटलं.

एकीची आई इटलीत कुणा म्हातारीला आंघोळ घालते.
तिचा फोटो, बरणीला टेकवलेल्या मोबाइलचा :
पडद्यावर आई, थिजलेली, तोंड उघडं,
शब्द नेटवर्कात अडकलेला.
शेजारी सूपची वाटी, वाफेसकट.

एक फोटो नुसता काळा.
वाकून पाहिला, काही सापडलं नाही.
खाली तारीख, नाव नाही.
असू दे.
सगळंच सांगायला कुणी बांधलेलं नाही.

आणि मग कोपऱ्यात, बास्केटच्या जाळीखाली,
एक मान.
जाड, तांबूस, दोन घड्या पडलेली,
उजव्या कानामागे तीळ.
पलीकडे धुकटलेली काच, हाताने पुसलेलं भोक,
आरशाला लोंबणारा क्रूस.
क्रूस माझा. स्वेटर माझा.
मान कुणाची?
छप्पन्न वर्षांत मी ती पाहिली नव्हती.
मागे बसलेल्या प्रत्येकाला पाठ होती.

ताथिया, बारावी. बारीक अक्षर :
"आई हॉस्पिटलात होती तो हिवाळा.
रोज उशीर व्हायचा, रोज वाटायचं, आज गाडी गेली.
हा माणूस थांबायचा.
कधी काही विचारलं नाही त्याने.
नुसता थांबायचा."

आता काय सांगू.
त्या कोपऱ्यावर बेकरी आहे.
सात दहाला भट्टीतून शोती निघते,
होडीसारखी, टोकाला करपलेली,
आणि पहिली शोती हातात पडेपर्यंत
मी गिअर टाकत नाही,
कुणाच्या बापाचं ऐकत नाही.
पोटासाठी थांबायचो, पोरी.
तू मागून चढायचीस, हे मला ठाऊकही नव्हतं.

ती समोर आली. लहान चणीची, केस आखूड.
आई कशी आहे, हे मी विचारलं नाही.
कपडे काळे होते,
पण हल्ली सगळीच पोरं काळं घालतात.
"कसा आलाय?" तिने विचारलं.
"मान जाड आलीय," मी म्हणालो.
ती हसली, तोंडावर हात धरून.

अभिप्रायाच्या वहीत लोकांनी पानंच्या पानं लिहिलेली.
मी 'खरं तर शोती' इथपर्यंत आलो,
खोडलं. खोडताना कागद फाटला.
मग गाडीचा नंबर घातला आणि सही केली.

सोमवारी सात दहाला
बेकरीला कुलूप. भट्टीची डागडुजी.
"अहो चला की," मागून एकजण ओरडला,
"आज बंद आहे ती!"
दिसतंय मला, मी म्हणालो,
आणि बसून राहिलो, मान खाजवत.
तीळ कुठे आहे, ते हाताला लागलं.